हार्ड डिस्कवरील विखंडन आणि संगणकाची गती

भाषाविषयक संशोधनाची सामग्री आज बहुतांशी संगणकाच्या स्वाधीन झालेली आहे. बोलींची ध्वनिमुद्रणे, ग्रंथांचे संहितासंग्रह, शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके ही सर्व पूर्वी कागदावर किंवा फितीवर असत. आता ती हार्ड डिस्कवर असतात. हा संगणक कालांतराने मंद होऊ लागला की त्याचे कारण म्हणून ‘विखंडन’ हा शब्द उच्चारला जातो आणि त्यावरील उपाय म्हणून डिस्कची फेरमांडणी सुचविली जाते. हे निदान कित्येकदा बरोबर असते, कित्येकदा अर्धसत्य असते आणि काही प्रसंगी तर उपायच अपायकारक ठरतो. विखंडन म्हणजे नेमके काय, त्याने गती किती घटते आणि कोणत्या परिस्थितीत घटते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. तर्कदृष्ट्या सलग, वस्तुतः विखुरलेले

वाचकाच्या दृष्टीने फाइल ही एक अखंड वस्तू होय. तिला आरंभ आहे, शेवट आहे आणि मधला मजकूर सलग आहे. डिस्कच्या पृष्ठावर मात्र असे काही असेलच असे नाही. डिस्कवरील जागा लहान, समान आकाराच्या कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्यांना क्लस्टर म्हणतात, आणि विंडोजच्या एनटीएफएस या रचनेत त्यांचा नेहमीचा आकार ४०९६ बाइट असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे केवळ देवनागरी चिन्हे मोजली तर एका क्लस्टरमध्ये सुमारे १३६५ चिन्हे मावतात. ४०९६ या संख्येस तीनने निःशेष भाग जात नाही. अर्थात एखाद्या अक्षरचिन्हाचा पहिला बाइट एका क्लस्टरमध्ये आणि उरलेले दोन दुसऱ्यात असेही घडू शकते. तरीही वाचकास अक्षर अभंगच दिसते. याचे कारण असे की, कोणत्या क्लस्टरनंतर कोणता वाचावयाचा याची नोंद संगणक स्वतंत्रपणे ठेवीत असतो.

ही नोंद ठेवण्याच्या दोन प्रमुख तऱ्हा आहेत. जुन्या फॅट या रचनेत प्रत्येक क्लस्टरच्या नावे एका तक्त्यात पुढील क्लस्टरचा क्रमांक लिहिलेला असतो. वृत्तपत्रात ‘पान ६ वर पाहा’ अशी सूचना असते आणि सहाव्या पानावर गेल्यावर ‘पान ९ वर पाहा’ असे आढळते, तसाच हा प्रकार आहे. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसमध्ये, तसेच लिनक्सवरील एक्स्ट-४ मध्ये, ‘अमुक क्रमांकापासून सलग इतके क्लस्टर’ अशी नोंद असते. संपूर्ण फाइल सलग असेल तर अशी एकच नोंद पुरते. फाइल जितक्या तुकड्यांत विभागली जाईल तितक्या नोंदी वाढतात. फाइलचे क्लस्टर एकापुढे एक नसून अनेक ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी पसरलेले असणे, यालाच विखंडन म्हणतात.

२. विखंडन का होते

नव्या डिस्कवर मोकळी जागा एकसंध असते. म्हणून फाइली सलग लिहिल्या जातात. पुढे काही फाइली पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी लहानमोठी रिकामी स्थाने उरतात. नवी मोठी फाइल लिहावयाची वेळ येते तेव्हा तितकी मोठी सलग जागा शिल्लक नसेल तर ती या रिकाम्या स्थानांत वाटून लिहावी लागते. दुसरे कारण वाढीचे. एखादी फाइल रोज थोडी थोडी वाढत असेल आणि तिच्या शेजारची जागा दरम्यान दुसऱ्या फाइलीने व्यापली असेल, तर वाढलेला भाग अन्यत्र जातो. तिसरे कारण सहकालिक लेखनाचे. ध्वनिमुद्रण चालू असतानाच दुसरे काही उतरवून घेतले जात असेल तर दोन्ही फाइलींचे तुकडे एकमेकांत मिसळण्याचा संभव असतो. डिस्क जितकी भरलेली, तितका या तिन्ही कारणांचा जोर अधिक.

३. गतीचा हिशेब

विखुरलेपणाने गती का घटावी, हे समजण्यासाठी हार्ड डिस्कची यंत्ररचना ध्यानी घ्यावी लागते. आय.बी.एम.ने १९५६ मध्ये रामॅक यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि तिची धारणशक्ती सुमारे ५० लक्ष चिन्हांची होती. आजची डिस्क तळहातावर मावते. परंतु तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या फिरत असतात आणि एका भुजेच्या टोकाशी असलेले वाचक-शीर्ष त्यांवर पुढेमागे सरकते. हवा तो मजकूर वाचण्यापूर्वी दोन गोष्टी घडाव्या लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर यावे लागते आणि हवा तो भाग फिरत फिरत शीर्षाखाली यावा लागतो.

मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणून सरासरी प्रतीक्षा अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. शीर्ष सरकण्यास सरासरी ८.५ मिलिसेकंद धरले तर प्रत्येक नव्या ठिकाणी पोहोचण्याचा खर्च १२.७ मिलिसेकंद होतो. एकदा पोहोचल्यावर सलग वाचन मात्र वेगाने होते. ते सेकंदास १२० मेगाबाइट धरू.

आता १२० मेगाबाइटची एक ध्वनिफाइल घ्यावी. ती सलग असेल तर एका सेकंदात वाचून होईल. ती १००० तुकड्यांत असेल तर वाचनाच्या एका सेकंदात प्रवासाच्या १२.७ सेकंदांची भर पडेल. तिचा प्रत्येक क्लस्टर निराळ्या ठिकाणी असेल, तर सुमारे २९ हजार खेपा होतील आणि सहा मिनिटांहून अधिक काळ लागेल. मजकूर तोच, यंत्र तेच. वाढला तो केवळ शीर्षाचा प्रवास. प्रत्यक्षात तुकडे बहुधा एकमेकांपासून फार दूर नसतात आणि संगणक पुढील मजकूर आधीच वाचून ठेवतो, त्यामुळे हानी या हिशेबाहून कमी असते. तथापि हानीचे स्वरूप हेच.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सीडीच्या दर्जाचे द्विमार्गी ध्वनिमुद्रण सेकंदास १,७६,४०० बाइट घेते. म्हणजे १२० मेगाबाइटची फाइल सुमारे ११ मिनिटांची. अत्यंत विखंडित अवस्थेतही ती सहा-सव्वासहा मिनिटांत वाचून होत असल्याने, ती ऐकणाऱ्यास कोठेही खंड जाणवणार नाही. जो अभ्यासक तीच फाइल स्वरांच्या विश्लेषणासाठी संपूर्ण वाचावयास लावील, त्याला मात्र एका सेकंदाऐवजी मिनिटे मोजावी लागतील. विखंडनाचा परिणाम केवळ डिस्कवर अवलंबून नसून तिच्याकडून कोणते काम घ्यावयाचे यावरही अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होईल.

४. एक ऐतिहासिक प्रमाण

वरील हिशेब केवळ कागदी नाही. बर्कली येथील मॅक्यूझिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी युनिक्सच्या नव्या फाइल-रचनेवरील निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जुन्या रचनेविषयी एक निरीक्षण दिले आहे. नव्याने तयार केलेल्या डिस्कवर सेकंदास १७५ किलोबाइटपर्यंत वाचन होत असे. काही आठवड्यांच्या मध्यम वापरानंतर हा वेग ३० किलोबाइटवर येई. मोकळ्या जागेची यादी आरंभी क्रमवार असे, पण फाइली लिहिता-पुसता ती विस्कळीत होई आणि जवळजवळ प्रत्येक वाचनास शीर्ष हलवावे लागे. संपूर्ण मजकूर बाहेर काढून, रचना नव्याने उभारून तो परत भरणे, एवढाच यावर उपाय होता.

या लेखकांनी केलेली सुधारणा मूलगामी होती. नंतर आवराआवर करण्यापेक्षा मुळात लिहितानाच एका फाइलीचे भाग जवळजवळ ठेवावेत, त्यासाठी डिस्कचे गट पाडावेत आणि सुमारे दहा टक्के जागा नेहमी मोकळी राखावी, असे त्यांनी ठरविले. पुढील काळातील बहुतेक रचनांनी हा विचार आपापल्या परीने स्वीकारला. एक्स्ट-४ मध्ये जागेची निवड शक्य तितकी लांबणीवर टाकली जाते, म्हणजे फाइल किती मोठी होणार याचा अंदाज येतो. व्यक्तिगत संगणकांच्या जगात मात्र मागाहून आवरण्याचीच रीत प्रथम रुळली. एमएस-डॉस ६.० मध्ये १९९३ साली डीफ्रॅग हे साधन आले, आणि विंडोज व्हिस्टापासून ते काम ठराविक वेळी आपोआप होऊ लागले.

५. फेरमांडणीची मर्यादा

फेरमांडणी म्हणजे विखुरलेले तुकडे उचलून सलग जागी पुन्हा लिहिणे. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग ग्रंथालयातील सात निरनिराळ्या कपाटांत गेले असतील तर ते एका फळीवर आणून लावावेत, असाच हा व्यवहार आहे. परंतु प्रत्येक विभाग स्वतः जाडजूड असल्याने, एक संपूर्ण विभाग वाचणाऱ्यास पुढील कपाटापर्यंतचे अंतर फारसे जाचत नाही. डिस्कवरही तसेच आहे. ६४ मेगाबाइटचा एक तुकडा वाचण्यास वरील वेगाने अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो, त्यापुढे १२.७ मिलिसेकंदांचा प्रवास अडीच टक्क्यांहूनही कमी. म्हणूनच विंडोज व्हिस्टाने ६४ मेगाबाइटहून मोठे तुकडे जुळविण्याच्या खटाटोपातून वगळले. सारांश, तुकड्यांची संख्या नव्हे, तर तुकड्याचा सरासरी आकार हे विखंडनाचे खरे माप होय.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. समजा, एका संहितासंग्रहात प्रत्येकी २ किलोबाइटच्या १ लक्ष फाइली आहेत. यांतील एकही फाइल विखंडित असणे शक्य नाही, कारण प्रत्येक फाइल एकाच क्लस्टरमध्ये सामावते. विखंडन मोजणारे साधन शून्य टक्के असे सांगेल. तरीही त्या फाइली डिस्कभर पसरलेल्या असतील तर १ लक्ष खेपांना प्रत्येकी १२.७ मिलिसेकंद या दराने २१ मिनिटे लागतील. हाच मजकूर एका सलग फाइलीत एकत्र केला तर तो २०० मेगाबाइटचा होईल आणि दोन सेकंदांच्या आत वाचला जाईल. शिवाय प्रत्येक लहान फाइलीने क्लस्टरचा निम्मा भाग रिकामा अडवून ठेवलेला असतो, तोही वाचेल. अशा वेळी फेरमांडणी करीत बसणे व्यर्थ होय. दोष मांडणीत नसून सामग्रीच्या घडणीत आहे. संग्रहाचे मूळ घटक वेगळे ठेवूनही विश्लेषणासाठी त्यांची एकत्रित प्रत करणे, हा यावरील सरळ मार्ग होय.

६. स्थिर-घटक डिस्कची भिन्न स्थिती

आतापर्यंतचे विवेचन फिरत्या चकतीच्या डिस्कला लागू आहे. आज अनेक संगणकांत एसएसडी असते. तिच्यात चकती नाही, भुजा नाही. मजकूर फ्लॅश स्मृतीच्या चिपांत असतो. कोणत्याही ठिकाणी पोहोचण्यास मिलिसेकंदाचा अल्पांश पुरतो. त्यामुळे विखंडनाची मुख्य हानीच नाहीशी होते. पुष्कळ नोंदी हाताळण्याचा किरकोळ खर्च तेवढा उरतो. शिवाय एसएसडीमधील नियंत्रक संगणकाने दिलेले क्रमांक स्वतःच्या सोयीने प्रत्यक्ष स्थानांवर वळवून घेतो. म्हणून संगणकाच्या तक्त्यात सलग दिसणारी फाइल चिपांत सलग असतेच असे नाही. उलट फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक घटकाला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते, आणि फेरमांडणीत विनाकारण पुष्कळ लेखन होते. यास्तव विंडोज ७ ने २००९ मध्ये एसएसडीवरील नियोजित फेरमांडणी बंद केली. त्यानंतरच्या आवृत्त्या अशा डिस्कला मुख्यतः कोणती जागा आता रिकामी आहे हे कळवितात. तेव्हा जुन्या सवयीने एसएसडीवर फेरमांडणीचे साधन चालविणे हे अज्ञानमूलक आहे.

७. गतीपलीकडील प्रश्न

विखंडनाचा एक परिणाम गतीशी संबंधित नाही, आणि संशोधकाच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. तुकड्यांचा क्रम सांगणारी नोंद नष्ट झाली तर काय? फाइल सलग असेल तर तिच्या आरंभाची खूण ओळखून पुढील भाग क्रमाने वाचता येतो आणि ती पुष्कळदा परत मिळते. विखंडित फाइलीच्या बाबतीत तसे होत नाही. सुट्या पानांच्या पोथीवरील पृष्ठांक पुसले जावेत आणि ती पाने दहा इतर पोथ्यांच्या पानांत मिसळावीत, अशी तिची अवस्था होते. पोथीची पाने निदान अर्थावरून जुळविता येतात. ध्वनिमुद्रणाच्या बाइटांना तेवढाही आधार नसतो. ज्या भाषकांची पिढी मागे उरलेली नाही, त्यांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण अशा रीतीने गमावले तर ते पुन्हा मिळविण्याचा मार्ग नाही.

म्हणून कार्याचा क्रम असा असावा. प्रथम सामग्रीची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. फेरमांडणी चालू असताना मजकूर मोठ्या प्रमाणावर हलविला जात असल्याने, प्रत नसता ती करूच नये. रिकाम्या डिस्कवर प्रत केली की फाइली बहुधा आपोआप सलग लिहिल्या जातात. म्हणजे सुरक्षितता आणि सलगता एकाच कृतीत साधतात. त्यानंतर डिस्क फिरती आहे की स्थिर-घटक, हे पाहावे. तिच्यावर दहा टक्क्यांहून अधिक जागा मोकळी आहे की नाही, हे पाहावे. आणि मंदपणाचे मूळ अपुऱ्या स्मृतीत किंवा असंख्य लहान फाइलींत तर नाही ना, याचा विचार करावा. एवढे करूनही फिरत्या डिस्कवरील मोठ्या फाइली लहान लहान तुकड्यांत आढळल्या, तरच विखंडनास दोष द्यावा आणि फेरमांडणी करावी.