कोळंबीच्या टरफलावर वाढलेले विकर

कोळंबी सोलली की हाती राहणाऱ्या टरफलात प्रथिने, कॅल्शियम कार्बोनेट आणि कायटिन एकमेकांत घट्ट विणलेले असतात. कायटिन पाण्यात विरघळत नाही. ते तोडणारे कायटिनेज हे विकर अनेक जिवाणू आणि बुरश्या स्रवतात, पण बहुधा कायटिनची चाहूल लागल्यावरच. त्यामुळे टरफल हे त्यांचे खाद्यही ठरते आणि विकर बनवण्याचा इशाराही.

कायटिनवर जगणाऱ्या जिवाणूचे वर्णन बेनेके यांनी १९०५ मध्येच केले होते. विकर भरपूर मिळवण्याचा प्रश्न मात्र बराच उशिरा पुढे आला. मॉनरिअल आणि रीज यांनी १९६९ मध्ये सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचे कायटिनेज तपासले. पुढे कॅलिफोर्नियात कॅरोड आणि टॉम यांनी १९७८ मध्ये कवचांच्या कचऱ्याची संपूर्ण साखळी मांडली: कायटिनवर सूक्ष्मजीव वाढवून विकर घ्यायचे, त्या विकराने उरलेल्या कायटिनची साखर करायची आणि साखरेवर यीस्ट वाढवून पशुखाद्याची प्रथिने मिळवायची. कल्पना भक्कम होती. अडचण होती ती टरफल आधी दळून, आम्ल व अल्कलीने धुऊन घेण्याची. कचरा फुकट मिळाला, तरी धुलाई फुकट होत नाही.

याच धर्तीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मायरोथेसियम व्हेरुकॅरिया या बुरशीच्या विकरांनी कायटिनपासून यीस्टचे खाद्य बनवण्याचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

खरे वळण आले ते धुलाईला फाटा दिल्यावर. तैवानमध्ये सान-लांग वांग यांच्या गटाने कोळंबी-खेकड्याच्या कवचांची भुकटी थेट जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात घातली आणि १९९७ मध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसाची दोन कायटिनेजे वेगळी केली. ती जिवाणूंच्या पेशीभित्तीही विरघळवत. कवचात प्रथिने राहू दिली की काही जिवाणू प्रथिने तोडणारी विकरेही देतात, आणि तीच विकरे कायटिन मोकळे करतात. कोचीत सुरेश आणि चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये कोळंबीच्या ओलसर कचऱ्यावरच ब्यूव्हेरिया बॅसियाना वाढवून कायटिनेज मिळवले. ही बुरशी मुळात किडे मारणारी. किड्याच्या त्वचेतही कायटिनच असते.

विकर मिळू लागले, पण त्यापुढे कायटिनचे घट्ट स्फटिक सुटतात कसे, हे २०१० मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी दाखवले. सेराशियाचेच एक छोटे प्रथिन ऑक्सिडीकरणाने कायटिनच्या रेणूसाखळीत खाच पाडते आणि त्या खाचेतून कायटिनेजला शिरकाव मिळतो.