दंतोपचाराचा दावा: इंग्लंडमधील पद्धत आणि परदेशी रुग्ण

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने दातांवर उपचार करणारे बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नसतात. ते स्वतःचे दवाखाने चालवतात, राष्ट्रीय आरोग्य सेवेशी म्हणजे एनएचएसशी करार करतात आणि केलेल्या कामाचा हिशेब दावा-अर्जाद्वारे पाठवतात. हा अर्ज कसा भरला जातो, तो कोण तपासते आणि त्यावरून पैसे कसे मिळतात, ही बाब वरकरणी कारकुनी वाटते. परंतु कोणत्या रुग्णाला उपचार मिळतील आणि कोणाला दारातूनच परतावे लागेल हे बऱ्याच अंशी त्या दाव्याच्या रचनेवर ठरते, आणि महाराष्ट्रातून शिक्षणासाठी किंवा मुलांकडे राहण्यासाठी जाणाऱ्यांचाही याच व्यवस्थेशी संबंध येतो, म्हणून ती सामान्य वाचकानेही समजून घेण्याजोगी आहे.

५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा दंतोपचार पूर्णपणे मोफत होते. मागणी अपेक्षेपेक्षा फारच मोठी निघाल्याने १९५१ मध्ये कवळीवर शुल्क बसवण्याचे ठरले, आणि चष्मे व कवळ्या यांवरील या शुल्काच्या निषेधार्थ सेवेचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. तरीही पुढच्याच वर्षी इतर दंतोपचारांनाही शुल्क लागू झाले. डॉक्टरांचे दावे ईस्टबोर्न येथील डेंटल एस्टिमेट्स बोर्ड तपासत असे. त्या काळी प्रत्येक कामाचा वेगळा दर असे आणि अशी सुमारे ४०० कामे यादीत होती. या पद्धतीत जितके दात कोरावे तितके पैसे अधिक मिळत, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता, आणि तो दूर करण्याच्या हेतूनेच १ एप्रिल २००६ रोजी नवा करार लागू झाला.

नव्या करारात दावा एकेका दाताचा राहिला नाही, तर संपूर्ण उपचारक्रमाचा, म्हणजे तपासणीपासून ठरलेले सर्व काम पूर्ण होईपर्यंतच्या सलग क्रमाचा झाला. उपचारक्रमांचे तीन गट किंवा ‘बँड’ पाडण्यात आले: पहिल्यात तपासणी, एक्स-रे व सल्ला, दुसऱ्यात दात भरणे, काढणे व रूट कॅनाल, तिसऱ्यात कॅप, ब्रिज, कवळी अशी प्रयोगशाळेत घडवावी लागणारी कामे. प्रत्येक गटाला ‘युनिट ऑफ डेंटल अ‍ॅक्टिव्हिटी’ या मापाने मोल दिले गेले. पहिल्याला १, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १२ आणि तातडीच्या उपचाराला १.२ युनिट. दवाखान्याने वर्षभरात ठरावीक युनिट पूर्ण करायची आणि त्याबदल्यात कराराची रक्कम घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

उपचारक्रम संपला की दवाखाना ‘एफपी१७’ नावाचा दावा संगणकाद्वारे एनएचएस बिझनेस सर्व्हिसेस अथॉरिटीकडे पाठवतो. त्यात रुग्णाचे नाव, जन्मतारीख व पत्ता, उपचार सुरू व पूर्ण झाल्याच्या तारखा, गट, किती दात भरले किंवा काढले याचा तपशील, घेतलेले शुल्क अथवा सवलतीचे कारण आणि डॉक्टरचा व कराराचा क्रमांक असतो. उपचार पूर्ण झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत दावा पोहोचला पाहिजे. त्यानंतर आलेल्या दाव्याची युनिट सर्वसाधारणपणे जमा होत नाहीत. तपशील अपुरा किंवा विसंगत असेल तर दावा दुरुस्तीसाठी परत येतो. शिवाय दाव्यांमधील कलही पाहिला जातो: एकाच रुग्णाचे दावे अठ्ठावीस दिवसांच्या आत वारंवार येऊ लागले, तर एकच उपचारक्रम तोडून दोनदा मोबदला घेतला जात आहे काय, अशी शंका घेऊन रुग्णनोंदी मागवल्या जाऊ शकतात.

येथे एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. दावा मंजूर झाला म्हणून त्या दाव्याचे पैसे येत नाहीत. कराराची वार्षिक रक्कम बारा हप्त्यांत दिली जाते, रुग्णांकडून दवाखान्याने घेतलेले शुल्क त्या हप्त्यातून वजा होते, आणि दाव्यांतून जमलेल्या युनिटांचा हिशेब वर्षअखेरीस होतो. ठरलेल्या कामाच्या ९६ टक्क्यांपेक्षा कमी काम भरले तर न झालेल्या कामाची रक्कम परत करावी लागते.

या रचनेचा परिणाम गंभीर झाला. एक दात भरला काय आणि सहा भरले काय, दाव्यावर युनिट तीनच मिळत. त्यामुळे वर्षानुवर्षे उपचार न मिळालेला, अनेक दात किडलेला नवा रुग्ण घेणे दवाखान्याला तोट्याचे ठरू लागले. संसदेच्या आरोग्य समितीने २००८ मध्येच या करारावर टीका केली होती, तरी नोव्हेंबर २०२२ पर्यंत मूळ मोजमाप तसेच राहिले. तेव्हा कुठे दुसऱ्या गटाचे तीन भाग होऊन तीन किंवा अधिक दात भरण्या-काढण्याला ५ आणि दाढेच्या रूट कॅनालला ७ युनिट मिळू लागली. ज्याला उपचारांची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठी सर्वांत कमी मोबदला देणारी पद्धत सोळा वर्षे चालू ठेवणे हा धोरणाचा मोठा दोष होता, असेच म्हणावे लागेल.

रुग्णाच्या बाजूने पाहता, एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार पहिल्या गटासाठी २७.४० पौंड, दुसऱ्यासाठी ७५.३० पौंड आणि तिसऱ्यासाठी ३२६.७० पौंड द्यावे लागत. तातडीच्या उपचाराचे शुल्क पहिल्या गटाइतकेच असते. अठरा वर्षांखालील मुले, पूर्णवेळ शिक्षण घेणारे अठरा वर्षांचे तरुण, गर्भवती व वर्षभराच्या आत बाळंत झालेल्या स्त्रिया आणि ठरावीक सरकारी मदत घेणारे अल्प उत्पन्न गटातील लोक यांना हे शुल्क माफ आहे. माफी घेणाऱ्याने तसे सही करून जाहीर करावे लागते आणि त्याची पडताळणी नंतर सरकारी नोंदींशी ताडून केली जाते. चुकीची माफी घेतल्याचे आढळल्यास मूळ शुल्काशिवाय त्याच्या पाचपट, मात्र कमाल १०० पौंड, दंड होऊ शकतो.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत दवाखाना आणि रुग्णालय यांत फरक करणे अत्यंत महत्त्वाचे आहे. परदेशी रुग्णांकडून पूर्ण खर्च वसूल करण्याचे २०१५ चे नियम रुग्णालयीन सेवांना लागू आहेत. प्राथमिक दंतसेवा त्यांतून वगळलेली आहे. म्हणजे मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या पुण्याच्या आईला एनएचएसच्या दवाखान्याने रुग्ण म्हणून स्वीकारले, तर तिचा दावा त्याच अर्जावर जातो आणि तिने भरायचे शुल्कही तिथल्या रहिवाशाइतकेच असते. मात्र त्याच आईला अक्कलदाढेसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर भारताचा ब्रिटनशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नसल्याने एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारणी होते, आणि तातडी नसलेल्या उपचाराचे पैसे आगाऊ मागितले जातात. हे देणे ५०० पौंड किंवा अधिक असून दोन महिने थकले, तर पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो.

विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी आहे. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी ते आरोग्य अधिभार भरतात, जो फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे. त्यामुळे रुग्णालयातील उपचार त्यांना रहिवाशांप्रमाणे मिळतात, पण दातांचे शुल्क त्यात धरलेले नाही. बावीस वर्षांचा पदव्युत्तर विद्यार्थी केवळ विद्यार्थी म्हणून माफीस पात्र ठरत नाही. अल्प उत्पन्न योजनेसाठी त्याला स्वतंत्र अर्ज करता येतो, परंतु प्रमाणपत्र हाती येण्याआधी माफीच्या रकान्यात सही करणे म्हणजे दंडाला आमंत्रण देणे होय.

याउपरही शुल्क किती हा प्रश्न पुष्कळदा दुय्यम ठरतो, कारण आधी दवाखान्याने रुग्णाला स्वीकारायला हवे. दंतवैद्यकात कायमची नावनोंदणी नसते, रुग्णाशी बांधिलकी चालू उपचारक्रमापुरतीच असते, आणि युनिटांची मर्यादा गाठत आलेला दवाखाना नव्या माणसाला नकार देऊ शकतो. २०२३ मध्ये संसदीय समितीने नोंदवलेली उपचार न मिळण्याची बिकट अवस्था स्थानिकांनाही भोगावी लागते. नवख्याला ती अधिक जाचते. असह्य दुखणे असेल तर १११ या क्रमांकावर चौकशी करून तातडीची वेळ मिळवता येते. तरीसुद्धा इंग्लंडला निघणाऱ्या प्रत्येकाने प्रवासाआधीच दातांची तपासणी करून अर्धवट राहिलेली कामे येथेच पुरी करावीत, आणि थोड्या मुदतीसाठी जाणाऱ्या ज्येष्ठांनी तातडीचा दंतोपचार समाविष्ट असलेला प्रवास विमा घ्यावा.