अभ्यासक्रम वाचावा कसा?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे नाव निघाले, की दिंद्रुडसारख्या गावातला विद्यार्थी प्रथम विचारतो, ‘पुस्तके कोणती घ्यावीत?’ वस्तुतः त्याने आधी अभ्यासक्रम हाती घ्यावा. शेताचा बांध कोठवर, हे ठाऊक नसता नांगर धरणे व्यर्थ होय.

पूर्वपरीक्षेत पत्रिका दोन. दुसरीत ३३ टक्के मिळाले की पुरे. निवड ठरते ती पहिलीच्या गुणांवर. मुख्य परीक्षेत पत्रिका नऊ. त्यांपैकी भाषांच्या दोन केवळ उत्तीर्ण होण्यापुरत्या. उरलेल्या सात, म्हणजे निबंधाची एक, सामान्य अध्ययनाच्या चार आणि ऐच्छिक विषयाच्या दोन, प्रत्येकी २५० गुणांच्या. हे झाले १७५०. मुलाखतीचे २७५ निराळे.

सामान्य अध्ययनातील शब्द कोरडे दिसतात खरे. परंतु ‘सिंचन’ म्हटले की सिंदफणेवरचे माजलगाव धरण आठवावे. ‘लोकसंख्या व दारिद्र्य’ म्हटले की ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे. ‘स्थानिक स्वराज्य’ म्हटले की १९९२ ची ७३वी घटनादुरुस्ती आणि आपली ग्रामपंचायत. तत्त्व ग्रंथातून शिकावे, उदाहरण गावातून घ्यावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. उत्तरे मराठीत लिहिता येतात, मराठी साहित्य हा ऐच्छिक विषयही घेता येतो. पण सामान्य अध्ययनाचे प्रश्न छापले जातात हिंदी व इंग्रजीतच. प्रश्नच उमगला नाही, तर मराठीतले उत्तम उत्तरही वाया जाते. म्हणून इंग्रजी वाचनाची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.