संख्या नव्हे, जनावरांची अवस्था हाच कायद्याचा निकष

एका घरात वीस-पंचवीस कुत्री किंवा मांजरे कोंडलेली असतात. दुर्गंधी असह्य झाली की शेजारी पंचायतीकडे धाव घेतात. मालक मात्र आपण भूतदयेपोटीच ती सांभाळत असल्याचे सांगतो. अशा वेळी कायदा कोणत्या बाजूने पाहतो?

गोव्यासह देशभर लागू असलेला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा घरात किती जनावरे पाळावीत, याची मर्यादा घालत नाही. तो जनावरांची अवस्था पाहतो. पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात डांबणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हे कलम ११ नुसार गुन्हे आहेत. उपासमार किंवा दाटीवाटीमुळे यातना भोगणारे जनावर सबळ कारणाविना ताब्यात ठेवणे हाही गुन्हाच. वाजवी काळजी व देखरेख न ठेवणारा मालकही दोषी ठरतो. त्यामुळे केवळ हेतू चांगला होता, एवढ्याने त्याची सुटका होत नाही.

शिक्षा मात्र नाममात्र आहे. पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही शिक्षा पुरेशी कठोर करावी, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये व्यक्त केली होती.

कायद्याचे खरे बळ अन्य तरतुदींत आहे. कलम ३४ नुसार शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. कलम ३५ नुसार दंडाधिकारी त्याला उपचारगृहात वा पांजरपोळात ठेवण्याचा आदेश देतात. त्याचा खर्च मालकावर पडतो. मालक गरीब असल्यास उपचारखर्च माफ होऊ शकतो. दोषी मालकाकडून पुन्हा क्रूरता होण्याची शक्यता दिसल्यास न्यायालय कलम २९ नुसार त्याची मालकी काढून घेऊ शकते, तसेच पुढे जनावरे पाळण्यास मनाईही करू शकते.

तक्रारदारांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उपासमार वा कोंडून ठेवणे हे अदखलपात्र गुन्हे असल्याने तपासासाठी पोलिसांना दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. म्हणून तक्रार वेळेत व लेखी असावी आणि तिच्यात दुर्गंधीबरोबरच रिकामी भांडी, जखमा, अपुरी जागा यांची तारखेनिशी नोंद असावी. मुक्या जिवांच्या बाजूने तीच साक्ष ठरते.