‘टोचले’ म्हणजे काय झाले?

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे जाताना नेकनूर हे गाव लागते. तेथे काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, एखाद्या आईला ‘बाळाला टोचलं का?’ असे विचारले, की ‘हो, टोचलं’ असे उत्तर सहज मिळते. पण या उत्तरावरून आपल्याला काय कळले? सुई टोचली गेली, एवढेच. कशाची, कितव्या वेळी, आणि बाळ त्या रोगापासून सुरक्षित झाले का, यातले काहीही ‘टोचणे’ या क्रियापदात नाही. या लहानशा क्रियापदामुळे काय काय नजरेआड होते, ते आपण पाहू या.

शब्दांची जन्मकथा

जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला आपण आजही ‘लस’ म्हणतो. विज्ञानाच्या पुस्तकातील ‘लसीका’ याच कुळातील. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडमध्ये गाईच्या देवीच्या फोडातील असा द्रव एका मुलाच्या दंडात टोचला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला तशीच लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांसाठी लस घेतली गेली. तेव्हा ‘लस टोचणे’ हे अगदी शब्दशः घडत होते.

त्या काळचा मराठी शब्दप्रयोग होता ‘देवी काढणे’. देवी काढल्यावर आठवड्याभराने दंड तपासला जाई. टोचलेल्या जागी फोड आला, तर लस लागू पडली. नाही आला, तर पुन्हा टोचावे लागे. म्हणजे टोचणे आणि लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोळ्यांना दिसत असे.

इंग्रजीत लस टोचण्याला ‘इनॉक्युलेशन’ असाही शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘डोळा’ हा शब्द आहे, आणि त्याचा जुना अर्थ झाडावर डोळा भरणे असा होतो. मोसंबीची कलमे करणारा शेतकरी डोळा भरला की लगेच ‘कलम झाले’ म्हणत नाही. डोळा जगला, फुटला, की मगच म्हणतो. लसीबाबतही एवढाच सावधपणा हवा.

आत काय घडते?

लसीत रोगजंतूचे दुबळे केलेले किंवा मारलेले रूप, त्याचा एखादा भाग, किंवा तो भाग शरीरातच तयार व्हावा यासाठीची सूचना असते. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी हे परके रूप ओळखतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या प्रतिपिंडे तयार करू लागतात. या कामाला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर काही पेशी ‘स्मृतिपेशी’ म्हणून मागे राहतात. पुढे खरा रोगजंतू आला, तर त्या फार लवकर कामाला लागतात.

‘परिचारिकेने बाळाला लस टोचली’ या वाक्यात कर्ता परिचारिका आहे. पण प्रतिकारक्षमता निर्माण करणारे कर्तेपण बाळाच्या शरीराकडे असते, आणि प्रत्येक शरीर पहिल्याच वेळी ते काम पुरे करतेच असे नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात जपलेली नसेल, तर सुई टोचूनही उपयोग होत नाही.

गोवराचे उदाहरण घेऊ. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसाने सुमारे ८५ टक्के मुले सुरक्षित होतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही बाळांच्या रक्तात तोवर शिल्लक असतात आणि ती लसीतील विषाणूला वाढू देत नाहीत, हे त्याचे एक कारण. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सर्वांना एकेकदा टोचले असले, तरी सुमारे सहा जण असुरक्षित राहतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस मुख्यतः या सहांसाठी आहे. पण ते सहा जण कोणते हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वांनाच द्यावा लागतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेल्या किंवा डोस अपुरे राहिलेल्या मुलांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

घटसर्प आणि धनुर्वात यांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या लसींनी आलेली प्रतिकारक्षमता काही वर्षांनी ओसरते. म्हणून पाच-सहा वर्षांनी, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी पुन्हा डोस देतात. यातील शेवटचे दोन डोस शाळेच्या वयातच येतात.

सापाची ‘लस’

साप चावल्यावर दवाखान्यात जे औषध देतात, त्याला बोलीत आणि वृत्तपत्रांतही ‘सापाची लस’ म्हणतात. वास्तविक ती लस नाही. सापाचे विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. प्रतिपिंडे तयार करण्याचे काम घोड्याचे शरीर करते. ती त्याच्या रक्तातून वेगळी करून रुग्णाला दिली जातात. रुग्णाला तयार माल मिळतो, तयार करण्याची विद्या मिळत नाही. काही दिवस-आठवड्यांत ही प्रतिपिंडे नाहीशी होतात. ‘मला मागे लस टोचली आहे’ या भरवशावर पुन्हा साप चावलेला माणूस घरी थांबला, तर त्याचा जीव जाऊ शकतो.

कुत्रा खोलवर चावला, तर दोन्ही गोष्टी लागतात. जखमेत तयार प्रतिपिंडे टोचतात, कारण लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचे दिवस निभावायचे असतात. त्याच दिवशी लसीचा पहिला डोस देतात आणि पुढचे डोस ठरलेल्या दिवशी. ‘एकदा टोचलं ना’ म्हणून मधेच थांबणे येथे जीवघेणे ठरू शकते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही.

मग म्हणावे काय?

बोलीभाषेतील शब्द बदलावेत असे आम्हाला वाटत नाही. ‘टोचणे’ राहू द्यावे. फक्त त्याच्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत: कशाची लस, कितवा डोस, कोणत्या तारखेला? पोलिओ आणि रोटाविषाणूचे थेंब तोंडाने पाजतात. त्यांची चौकशी ‘टोचलं का?’ म्हणून केली, तर ते सुटून जातात. २०२१ मध्ये करोनाच्या वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी ‘लस घेतली का?’ हा प्रश्न रुळला. त्यात लस घेणाराच कर्ता आहे, आणि लगेच ‘पहिला की दुसरा?’ असेही आपण विचारत होतो. तीच सवय मुलांच्या लसींसाठी हवी.

बीड जिल्ह्यात याची निकड अधिक आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावी पहिला डोस मिळालेल्या बाळाच्या पुढच्या डोसाची तारीख येते, तेव्हा ते एखाद्या दूरच्या फडावर असते. परतल्यावर कोणी विचारले, तर ‘टोचलं’ हे उत्तर खरेच असते, पण अपुरे असते. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो. सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. लसीकरणाचे कार्ड मात्र कुटुंबाबरोबर जायला हवे.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांनी घरातील लहान भावंडाचे लसीकरण कार्ड पाहून वहीत चार रकाने करावेत: लस, डोस, दिल्याची तारीख, पुढची तारीख. चौथा रकाना उलटून गेलेल्या तारखेचा निघाला, तर तो कागद घेऊन त्याच आठवड्यात आरोग्यसेविकेकडे जावे.