शाळा सुटते, ताण सुटत नाही

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतला दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथीचे वर्ग आणि शिक्षक दोघे. एकजण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे. मधेच पोषण आहाराची चव घेऊन वहीत नोंद करायची, मुलांची संख्या मोबाईलवर भरायची. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘माहिती आज दोन वाजेपर्यंत पाठवावी.’ घरी वह्या आणि मतदार यादीचे काम वाट पाहतच असते.

आपल्या वाचकांत गुरुजी आणि बाई पुष्कळ आहेत. शिकवण्याने नव्हे, बाकीच्या कामांनी थकायला होते, असे त्यांच्याकडून आम्ही नेहमी ऐकतो. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

शरीरात काय होते?

धोका जाणवला की शरीर अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडते. छातीची धडधड वाढते, स्नायू ताठ होतात. थोडा वेळ हे उपयोगाचे असते. पण ही अवस्था महिनोन्महिने टिकली, तर झोप उडते, डोके व मान दुखते, पित्त वाढते, चिडचिड होते. रक्तदाबही वाढू शकतो.

साधा थकवा की बर्नआऊट?

साधा थकवा रविवारच्या विश्रांतीने जातो. बर्नआऊट जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती पार संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. एरवी मुलांत रमणाऱ्या बाईंना मुलांचा आवाजही नकोसा झाला, तर ही खूण ओळखावी.

संघटनेने याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम आहे. म्हणजे तो शिक्षकाचा दुबळेपणा नव्हे, आणि त्यावरचा उपायही एकट्या शिक्षकाने करायचा नाही.

आपल्या हातात काय आहे?

• पाणी पिणे टाळू नका. स्वच्छतागृह नीट नसल्याने अनेक बाई दिवसभर पाणी पीत नाहीत. त्याने डोके दुखते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छतागृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीत मांडा.
• निरोप पाहण्याच्या दोन वेळा ठरवा. रात्री मोबाईल उशाशी नको.
• सगळ्या वह्या एकाच दिवशी तपासू नका. वर्गाचे गट पाडून वार ठरवा.
• रोज अर्धा तास चाला, सात तास झोपा.
• तंबाखू किंवा दारूने ताण जात नाही, फक्त दुखणे वाढते.

मिळून काय करावे?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. मतदार यादीचे व निवडणुकीचे काम शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या दिवशी, अध्यापनाची वेळ सोडून द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. एकट्याने वाद घालण्यापेक्षा केंद्रातील शिक्षकांनी कामांची यादी करून, प्रत्येक कामाला लागणारे तास लिहून, एकत्र लेखी निवेदन द्यावे. तासांचा हिशेब कागदावर आला की तक्रारीला वजन येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर थांबू नका. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर तपासणी हवीच. छातीत दुखल्यास ताण समजून घरी बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा मोफत असून चोवीस तास सुरू असते.

घरच्यांनाही आमची विनंती आहे. गुरुजी किंवा बाई घरी आल्यावर गप्प गप्प राहत असतील, तर ‘तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या,’ असे म्हणू नका. शेजारी बसा, दिवस कसा गेला ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.