आपांची पडवी आणि पाहणीची वही

दाराची कडी वाजली की आपा आता आधी चष्मा शोधतात, मग वही. गेल्या पावसाळ्यापासून पालिकेची माणसे पाच वेळा येऊन गेली. कधी आरोग्य खात्याची, कधी अतिक्रमणवाली. कारण दर वेळी एकच, शेजारच्या इमारतीतून वासाची तक्रार.

आपांचा मांजरींचा निवारा म्हणजे घरामागची पत्र्याची पडवी. त्यात तेव्हा बावीस मांजरी होत्या. एक रिक्षाखाली पाय गमावलेली, दोन आंधळी पिल्ले, बाकी बहुतेक मच्छी बाजारातल्या टोपल्यांमागे जन्मलेल्या.

‘‘पहिल्या वेळी मी भांडले,’’ आपा सांगतात. ‘‘मुक्या जिवांना खाऊ घालते, त्यात तुमचा कायदा कुठे आला, असं विचारलं. साहेब म्हणाले, खाला, लस कधी टोचली ते सांगा. मला सांगता आलं नाही.’’

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ती आहे. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि किडा-मुंगी शोधून खायला मोकळेही सोडले नाही. आपण ती एका निर्दयी बाईची गोष्ट म्हणून ऐकतो. आपांना मात्र त्या रात्री जाणवले, की ज्याने कोंडले त्याच्यावर हक्क चढला, मग मनात माया कितीही असो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही जनावर बाळगणाऱ्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा द्यायला बांधतो.

मग वही आली. प्रत्येक मांजरीला एक पान: कुठे सापडली, लस कधी, नसबंदी कधी. नसबंदीला आपा आधी तयार नव्हत्या. पण मांजर सहा महिन्यांची होण्याआधीही गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. पडवी किती पुरणार? आलिमांना विचारले, जनावरांच्या डॉक्टरांशी बोलल्या आणि ठरवले. धडधाकट मांजरी बऱ्या झाल्यावर बाजारात आपल्या जागी परत गेल्या. आता पडवीत तेरा आहेत. भुसा दिवसातून दोनदा बदलला जातो. वासाची तक्रार पहिल्यांदा तरी खरी होती, हे आपा स्वतःच कबूल करतात.

तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. पाचव्या वेळी आलेल्यांकडे कागद नव्हता आणि संध्याकाळपर्यंत मांजरी उचलू अशी धमकी होती. आपांनी चहा ठेवला आणि म्हटले, ‘‘हुकूम लेखी द्या. काय पाहिलंत तेही या वहीत लिहून सही करा.’’ चहा न पिताच माणसे गेली.

पाहणी करणे हे सरकारचे काम आहे, त्यात अपमान नाही. पण काय चुकले ते लिहून न देता पुन्हा पुन्हा दार वाजवणे म्हणजे छळच. आपांच्या पुतण्याने माहिती अधिकारात अर्ज करून पाचही पाहण्यांचे अहवाल मागितले. २००५ च्या या कायद्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आले, अहवाल फक्त दोनच पाहण्यांचे होते.

येथे कैरोची आठवण येते. सुलतान बैबर्सने तिथल्या मांजरींसाठी एक बाग वक्फ केली होती. पुढे बाग विकली गेली. पण एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने पाहिले, तेव्हा काझीच्या कचेरीच्या अंगणात रोज दुपारी मांजरींना खाणे टाकले जात होते. ते काझीचे कर्तव्य मानले जाई. सरकारी कचेरी आणि मांजर यांचे असेही नाते होते!

पुढच्या महिन्यात पालिकेत सुनावणी आहे. यावेळी नोटीस लेखी आली आहे. तक्रार करणारे शेजारी मध्यंतरी पडवी पाहून गेले. तक्रार मागे घेईन असे म्हणाले नाहीत, पण तीन पायांच्या मांजरीचे नाव मात्र विचारून गेले. आपांनी वहीला नवे कव्हर घातले आहे. लसींचे दोन दाखले डॉक्टरांकडून यायचे आहेत, सध्या रोज त्याचीच चौकशी चालली आहे.